हेडफोनमधलं हॉटेल आणि घरातली पंगत

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

सप्रेम नमस्कार. आमचे अप्पा ७२ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. तीन वर्षांपूर्वी दोन्ही कानांना मशीनं घेतली. तपासणीच्या खोलीत समोर बसून कोणी बोललं की त्यांना सगळं कळतं. घरी चार माणसं जमली की म्हणतात, "आवाज येतो, शब्द येत नाहीत." दिवाळीत सगळे जेवायला बसले, तेव्हा ते ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसले. आता मशीनं डबीतच असतात. गेल्या महिन्यात आम्ही एका मशीनच्या दुकानात गेलो. तिथे अप्पांना हेडफोन लावून "व्हर्च्युअल चाचणी" केली. गजबजलेलं हॉटेल, त्यात समोर एक बाई बोलतेय. आधी "तुमचं आत्ताचं मशीन" म्हणून एक आवाज ऐकवला, मग "नवं मशीन" म्हणून दुसरा. दुसऱ्यात शब्द अगदी सुटे ऐकू आले, असं अप्पा स्वतः म्हणाले. चेहरा एकदम खुलला त्यांचा. नव्या जोडीचे दीड लाख सांगतात. भाऊ म्हणतो, हा नुसता व्हिडिओ गेम आहे, कॉम्प्युटरच्या आवाजावरून कानाचं काय कळणार? अशा चाचणीवर किती विश्वास ठेवायचा?
– एक वाचक, नाशिक

ताई, नमस्कार.

अप्पा ताट घेऊन आत गेले, इथे मी पत्र खाली ठेवलं. ऐकू कमी येणारी माणसं फार तक्रार करत नाहीत, ती उठून आत जातात. मागच्या बाकावरची कुजबुज टिपण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी असं आत जाणं किती जड असतं ते मी बावीस वर्षं कान तपासण्याच्या कामात पाहते आहे. म्हणून आज नेहमीपेक्षा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. त्या हेडफोनवरच्या आवाजाच्या भरवशावर दीड लाख देऊ नका. पण भावालाही सांगा, की कॉम्प्युटरने उभ्या केलेल्या गोंगाटात कान तपासणं आणि मशीन जुळवणं हे भक्कम शास्त्र आहे, आणि अप्पांची नेमकी अडचण पकडायला माझ्या माहितीत तेच सगळ्यात उपयोगी आहे. दुकानात झालं ते मात्र प्रात्यक्षिक होतं. चाचणी नव्हती.

नेहमीच्या तपासणीत माणसाला शांत खोलीत बसवतात, २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर अगदी हलक्या आवाजात ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगतात. त्यातून ऑडिओग्राम, म्हणजे कुठला सूर किती हलका ऐकू येतो त्याचा आलेख, निघतो. तो हवाच, त्याच्याशिवाय मशीनमध्ये कुठल्या पट्टीत किती आवाज वाढवायचा ते ठरत नाही. पण तो शांततेतली गोष्ट सांगतो. वयाबरोबर बहुधा वरच्या पट्टीतले सूर आधी जातात. आपल्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत आणि दणकट असतात, तर स, श, ख यांसारखी व्यंजनं नाजूक आणि बरीचशी वरच्या पट्टीत. त्यामुळे "सात", "हात", "खात" यांतला मोठा "आ" तेवढा कानात पोचतो आणि सुरुवातीचं अक्षर गळतं. "आवाज येतो, शब्द येत नाहीत" हे अप्पांचं वाक्य म्हणजे याचंच अचूक वर्णन आहे. समोर एकच माणूस असेल तर ओठांवरून, विषयावरून मेंदू गळलेलं अक्षर भरून काढतो. चौघं एकदम बोलायला लागली की तेवढी सवड मिळत नाही.

गर्दीतला एक आवाज वेगळा काढायचं काम दोन कान मिळून करतात. आवाज उजवीकडून आला तर डाव्या कानाला तो किंचित उशिरा मिळतो, जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. शिवाय मध्ये डोकं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानाला वरचे सूर क्षीण होऊन पोचतात. या दोन खुणांवरून आपल्याला दिशा कळते, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलं. पुढे १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवली. लोक एका कानातलं बोलणं नीट म्हणून दाखवत आणि दुसऱ्या कानात काय चाललं होतं ते त्यांना जवळपास सांगताच येत नसे. मंगल कार्यालयाच्या गलक्यात आपण शेजारच्या मावशीचं बोलणं ऐकतो ते या कौशल्यावर. बोलणारी व्यक्ती एका जागी आणि गोंगाट दुसऱ्या जागी असेल तर निरोगी कानाला त्या वेगळेपणाचा मोठा फायदा मिळतो. कान थकले की हा फायदा आटतो, आणि शांत खोलीतल्या तपासणीत त्याचा मागमूसही लागत नाही.

तो लागावा म्हणून आभासी खोली. ती कशी उभी करतात ते भावाला जरूर वाचून दाखवा. अमेरिकेत १९७२ मध्ये केमार नावाचा पुतळा तयार झाला. डोकं, धड, रबरी कान आणि कानांच्या आत मायक्रोफोन. अशा पुतळ्याभोवती निरनिराळ्या कोनांवर स्पीकर ठेवून, प्रत्येक दिशेचा आवाज डोक्याला आणि कानाच्या पाळीला वळसा घालून आत पोचेपर्यंत कसा बदलतो ते मोजतात. मग शांत जागी रेकॉर्ड केलेलं कुठलंही वाक्य त्या मोजमापातून गाळून घेतलं की हेडफोनमध्ये ते डावीकडून किंवा मागून आल्यासारखं वाटतं. राहिली खोली. १९७९ मध्ये जाँट ॲलन आणि डेव्हिड बर्कली यांनी फार सुरेख युक्ती दिली. प्रत्येक भिंतीला आरसा समजायचं. आरशात बोलणाऱ्याची प्रतिमा दिसेल, त्या जागी दुसरा बोलणारा आहे असं धरायचं, मग त्या प्रतिमेचीही प्रतिमा. हे सगळे आवाज आपापल्या उशिराने कानात सोडले की खोलीचा घुमारा तयार होतो. व्हिडिओ गेममधल्या आवाजातही यातलं बरंच वापरतात, तेवढं भावाचं बरोबर आहे. पण हे गणित खेळासाठी जन्मलेलं नाही.

कानाच्या मशीनसाठी यात आणखी एक गोष्ट लागते. बहुतेक मशीनचा मायक्रोफोन कानाच्या आत नसतो, तो पाळीच्या मागे, वरच्या बाजूला असतो. तिथे पोचणारा आवाज वेगळा. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी पुतळ्याच्या कानांत आणि कानांमागे लावलेल्या मशीनच्या मायक्रोफोनांवर अशी मोजणी करून २००९ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. घुमाराच नसलेली खोली, ऑफिस, कँटीन आणि अंगण, अशा जागा त्यात आहेत. म्हणजे एखादं मशीन त्या कँटीनमध्ये काय ऐकेल, ते प्रत्यक्ष तिथे न जाता तपासता येतं. त्याच विद्यापीठात टास्कर नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं. त्यात हलणारी माणसं, रहदारी, बडबड यांचं अख्खं दृश्य रचता येतं आणि ते स्पीकरच्या गोलावर वाजवता येतं. सिडनीत तर चाळीसहून अधिक स्पीकरच्या गोलाच्या मधोमध माणसाला बसवून असा अभ्यास झाला आहे. माणूस स्वतःच्या कानांत, स्वतःच्या मशीनसह ऐकतो, मान वळवू शकतो, आणि मान वळवली की मशीनलाही जग वळल्यासारखं मिळतं.

थोडक्यात, "व्हर्च्युअल" या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी खपतात. हेडफोनवर मशीनचा नमुना आवाज ऐकवणं ही एक. हेडफोनवर आभासी दिशा तयार करून ऐकण्याचं कौशल्य मोजणं ही दुसरी. सिडनीच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजमध्ये शॅरन कॅमेरॉन आणि हार्वी डिलन यांनी केलेली "लिसन-एस" ही चाचणी या जातीची. तिच्यात वाक्यं समोरून येतात, त्यात अडथळा आणणारं बोलणं एकदा समोरून आणि एकदा दोन्ही बाजूंनी ऐकवतात, आणि जागा बदलल्याचा फायदा कानाला किती मिळाला ते आकड्यात निघतं. तिसरी गोष्ट म्हणजे खऱ्या स्पीकरच्या मध्ये खरं मशीन घालून बसवणं. मशीन विकत घ्यायचं की नाही, याचा निर्णय या तिसरीवर व्हायला हवा.

तुमच्या दुकानात पहिली गोष्ट झाली. तिच्यात काय काय राहून गेलं ते पाहा. अप्पांच्या कानांत त्यांचं मशीन नव्हतंच. "तुमचं आत्ताचं मशीन" म्हणून जे ऐकवलं ती कुठल्यातरी मशीनची तयार नक्कल होती, अप्पांचं सेटिंग त्यात असल्याचं तुमच्या पत्रावरून दिसत नाही. त्यांच्या कानाच्या नळीचा आकार, मशीनच्या टोकाला बसवलेला रबरी घुमट सैल आहे की घट्ट, त्यातून किती आवाज बाहेर गळतो, हेही त्यात नाही. दुसरं, दोन्ही आवाज सारख्याच उंचीवर होते का, हे विचारा. एक-दोन डेसिबलने मोठा आवाज कोणालाही जास्त स्पष्ट वाटतो, माझ्या कानांनाही. तिसरं, बोलणारी बाई समोर आणि गोंगाट बाकी सगळीकडून, ही मांडणी दिशा धरणाऱ्या मायक्रोफोनला (जो समोरचा आवाज ठेवून बाकीचा दाबतो) सगळ्यात सोयीची असते. आणि चौथं, मला सगळ्यात खटकलेलं: "कसं वाटतं?" एवढंच विचारलं. अप्पांना किती वाक्यं बरोबर म्हणता आली ते कोणी लिहून घेतलं नाही.

त्यांचा चेहरा खुलला, ते खोटं नव्हतं. गर्दीतही शब्द सुटा ऐकू येऊ शकतो, हे त्यांना कित्येक महिन्यांनी अनुभवायला मिळालं. ती आशा जपून ठेवा.

मांडणीचं महत्त्व मला एका चुकीतून कळलं. माझ्या दवाखान्यात मी पाच स्पीकरचा गोल लावलेला आहे. बरीच वर्षं झाली, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले होते. मी त्यांना मध्ये बसवलं, वाक्यं समोरून, बाजाराचा गलका मागून. दिशा धरणारा मायक्रोफोन चालू केला आणि त्यांची बरोबर वाक्यं जवळपास दुपटीने वाढली. मी समाधानाने त्यांना घरी पाठवलं. पंधरा दिवसांनी काकू आल्या, डोळ्यांत पाणी. "आता तर मी हाक मारलेलीही त्यांना ऐकू येत नाही." त्यांच्या घरी काका दिवसभर टीव्हीकडे तोंड करून बसत आणि स्वयंपाकघर त्यांच्या पाठीमागे होतं. माझ्या खोलीत मागून गोंगाट येत होता, त्यांच्या घरात मागून काकू बोलत होत्या. मी मशीनला शिकवून ठेवलं होतं की मागचं ते दाबायचं. तपासणी चोख होती, फक्त घर वेगळं होतं. तेव्हापासून मी आधी घराचा नकाशा काढायला सांगते.

आता तुम्ही काय करायचं. सुरुवात डबीतल्या जुन्या मशीनपासून करा. तीन वर्षांत ऐकण्याची पातळी उतरलेली असू शकते, मशीनच्या तोंडाची जाळी मळाने बुजलेली असू शकते, घुमट चुकीच्या मापाचा असू शकतो. कानातला मळ ईएनटी डॉक्टरांकडून काढून घ्या, नवा ऑडिओग्राम काढा. मग रिअल इअर मेझरमेंट करून मागा. यात एक बारीक मऊ नळी कानात, पडद्याच्या जवळ ठेवतात आणि मशीन घातल्यावर तिथे खरोखर किती आवाज पोचतो ते मोजतात. तो आकडा एनएएल-एनएल२ सारख्या सूत्राने ठरवलेल्या अपेक्षित आकड्याशी ताडून पाहतात. (हे सूत्रही त्याच सिडनीच्या संस्थेचं.) कंपनीचं आपोआप बसणारं सेटिंग अनेकदा वरच्या पट्टीत कमी पडतं, म्हणजे नेमका स आणि श तिथेच राहतो. हे मोजल्याशिवाय महागडं मशीन घेणं मला पटत नाही, आणि ते मोजल्यावर कितीतरी जुनी मशीनं पुन्हा कामाला लागलेली मी पाहिली आहेत. जुनं मशीन कॉम्प्युटरला जोडून आणखी एक गोष्ट पाहता येते: दिवसाला किती तास ते कानात होतं. बहुतेक डिजिटल मशीनं याची नोंद ठेवतात. डबीत राहिलेल्या मशीनवरून ते कुचकामी आहे असं ठरवता येत नाही, कारण वाढलेल्या आवाजाची सवय व्हायला मेंदूला रोजचे तास लागतात.

त्यानंतर गोंगाटातली तपासणी. जिथे किमान दोन, जमल्यास चार-पाच स्पीकर आहेत आणि गोंगाटात वाक्यं ऐकवून आकडा काढतात, असा दवाखाना शोधा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे काहीही विकत घेण्याची घाई न होता कानांची तपासणी आणि सल्ला मिळतो, नाशिकहून एक फेरी मारण्यासारखी जागा आहे. चाचणी कुठेही करा, पद्धत अशी असावी: गोंगाट तेवढाच ठेवून वाक्यांचा आवाज खाली-वर करत जायचं आणि साधारण निम्मं बोलणं बरोबर म्हणता येईल ती पातळी शोधायची. एकदा मशीन न घालता, एकदा जुनं मशीन नीट जुळवून, एकदा नवं मशीन ट्रायलवर घेऊन. दृश्य तेच, वाक्यांची यादी प्रत्येक वेळी वेगळी. या पातळीच्या आसपास एका डेसिबलने समजलेल्या शब्दांचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त हलू शकतं, तेव्हा दोन-तीन डेसिबलचा फरक निघाला तर तो मोठा आहे. अर्ध्या डेसिबलच्या फरकासाठी मी दीड लाख घालणार नाही.

वाक्यं मराठी असावीत, हा आग्रह सोडू नका. अप्पांना इंग्रजी वाक्यं ऐकवली तर त्यात कानाबरोबर भाषेचीही परीक्षा होते. गोंगाटाचंही तसंच. मागची बडबड आपल्याला कळणाऱ्या भाषेत असेल तर ती जास्त छळते, कारण मेंदू तिच्यामागेही धावतो. परदेशी हॉटेलमधल्या परक्या कलकलाटात अप्पा पास झाले, तरी मावश्यांच्या मराठी गप्पांत ते अडतील. तयार मराठी साहित्य नसेल तर तुम्ही स्वतः पन्नासेक साधी, रोजची वाक्यं शांत खोलीत, एकाच पट्टीत वाचून फोनवर रेकॉर्ड करून न्या. त्यावरून अप्पांची इतरांशी तुलना करता येणार नाही, पण एका मशीनची दुसऱ्याशी नक्की करता येईल. आणि आवाज लेकीचा असेल. रोज ऐकायचा आवाज तोच ना?

तपासणीला जाण्याआधी अप्पांना बसवून त्यांना जिथे ऐकायचं आहे अशा पाच जागा लिहून काढायला सांगा. ही माझी कल्पना नाही. हार्वी डिलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये "कोझी" नावाचा एक साधा कागद तयार केला. त्यात माणूस स्वतःच पाचपर्यंत प्रसंग, महत्त्वाच्या क्रमाने लिहितो आणि मशीन घेतल्यावर त्याच प्रसंगांत किती फरक पडला ते सांगतो. "गोंगाटात" असं मोघम लिहू नका. "रविवारी जेवताना नातू डावीकडे बसतो, त्याचं बोलणं" असं लिहा. प्रत्येक जागेखाली छोटा नकाशा काढा: अप्पा कुठे, बोलणारा कुठे, मिक्सर किंवा टीव्ही कुठे. ज्याच्याकडे स्पीकर आहेत तो ऑडिऑलॉजिस्ट हा नकाशा पाहून आपल्या खोलीत साधारण तशी मांडणी करू शकतो. कुठल्याही तयार हॉटेलपेक्षा मला तो कागद मोलाचा वाटतो.

आता घराबद्दल. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, मोजकं सामान, अशा खोलीत आवाज घुमतो. बोलणारा लांब गेला की थेट आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाज जास्त पोचतो, आणि तो सगळीकडून येत असल्यामुळे दिशा धरणारा मायक्रोफोनही गोंधळतो. घुमारा नसलेल्या प्रयोगशाळेत असे मायक्रोफोन मोठा फायदा दाखवतात, पण दिवाणखान्यात तो निम्म्यावर येऊ शकतो. त्याउलट बोलणारा दोन मीटरवरून एक मीटरवर आला की त्याचा थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो. कुठल्याही मशीनच्या बदलातून एवढा फायदा सहजी मिळत नाही, आणि यासाठी फक्त पाट सरकवायचा आहे. पंगतीत अप्पांना कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे बोलणारे सगळे समोर येतील. जमिनीवर जाड सतरंजी, खिडक्यांना जाड पडदे, जेवताना टीव्ही बंद. बोलण्याआधी "अप्पा" अशी हाक मारायची, त्यांनी पाहिलं की मग बोलायचं. नातवालाही हे शिकवा, मुलं फार चटकन शिकतात. लग्नाच्या हॉलसाठी बोलणाऱ्याच्या गळ्यात अडकवायचा छोटा वायरलेस मायक्रोफोन मिळतो, तो अप्पांच्या आत्ताच्या मशीनला जोडता येतो का ते विचारून घ्या. तिथे त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

हे सगळं करूनही नवं मशीन सरस ठरलं तर जरूर घ्या, मनात किंतू न ठेवता. फक्त पैसे देण्याआधी काही आठवड्यांची घरची ट्रायल आणि परत करण्याची मुदत लेखी मागा, आणि त्या काळात निदान एक रविवारची पंगत येईल असं पाहा.

अप्पांना माझा नमस्कार सांगा. पाच जागांची यादी त्यांच्या अक्षरात असू द्या. आणि जाताना ती डबी विसरू नका. कोणतंही नवं मशीन आधी तिच्यातल्या नीट जुळवलेल्या जोडीसमोर ठेवून पाहायचं आहे.